मला फक्त एक फंक्शन द्यायचं होतं!

आकडा टाका, मराठी अक्षरं घ्या. १,२५,४९९ दिले की ‘एक लाख पंचवीस हजार चारशे नव्व्याण्णव’. पावत्या किंवा चेक छापणाऱ्या कुणालाही कामाला येईल असं ‘पायथन’ या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एवढंसं फंक्शन, म्हणजे एक काम करून देणारा कोडचा तुकडा. मराठीत शंभरापर्यंतचे आकडे पाठच असावे लागतात. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा नियम सापडला म्हणून खूश व्हावं, तर नव्व्याण्णव येऊन त्याचा बट्ट्याबोळ करतं. म्हणून सगळे शब्द एका जेसन फाइलमध्ये (माहिती साठवायची साधी मजकूर फाइल) ठेवले. बाकीचा कोड एका स्क्रीनवर मावतो. लिहायला काहीच त्रास झाला नाही. ते फंक्शन दुसऱ्याच्या मशीनवर पोचवताना मात्र डोक्याचं पार भजं झालं.

हे आम्हाला कधी कुणी शिकवलंच नाही. कॉलेजात फिबोनाची झाली, फॅक्टोरियल झालं, चांदण्यांचे त्रिकोण छापून झाले. व्हायव्हाला ‘मॉड्यूल आणि पॅकेज यांत फरक काय’ हा प्रश्न ठरलेला, आणि ‘फोल्डरात इनिट फाइल असली की पॅकेज’ हे उत्तरही ठरलेलं. घ्या मार्क. ते पॅकेज शेजारच्या बाकावरच्या पोराच्या लॅपटॉपवर कसं जाणार, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांनाही ते येत नव्हतं. पेनड्राइव्ह होता ना! नोकरीतही तेच. ‘झिप करून व्हॉट्सअॅपवर टाक’, मग ‘फायनल’, मग ‘फायनल_नवीन’, मग ‘फायनल_नवीन_हेच_वापरा’. वर्षानुवर्षं पगार घेणारी माणसं आपलाच कोड असा फिरवतात आणि कुणाला काही वाटत नाही.

बरं, स्वतः शिकावं म्हटलं तर इंटरनेटवर स्मशान आहे नुसतं. एक लेख सांगतो, ‘सेटअप डॉट पीवाय’ लिहा आणि ‘इन्स्टॉल’ चालवा. चालवलं, तर पॅकेज बांधून द्यायचं ‘डिस्टयूटिल्स’ नावाचं मॉड्यूलच नाही, असं पायथन म्हणतं. कसं असेल? २००० सालच्या सुमारास पायथनमध्ये आलेलं ते प्रकरण २०२३ च्या ऑक्टोबरात ३.१२ या आवृत्तीतून उपटून फेकलंय. काढायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यावर लिहिलेले हजारो लेख तसेच उभे आहेत, आणि ‘मी मेलोय’ अशी पाटी एकाही लेखावर नाही. दुसरा लेख ‘ईझी इन्स्टॉल’ आणि ‘एग’ (पॅकेज बांधायचा जुना साचा) शिकवतो. ती अंडी कधीच नासली, आता ‘व्हील’ आहे. तिसरा ‘डिस्ट्रिब्यूट’ वापरा म्हणतो. ते सेटअपटूल्स या पॅकेज बांधायच्या टूलमधून फुटून निघालं होतं आणि २०१३ मध्ये परत त्यातच विलीन झालं, आपल्याकडच्या पक्षांसारखं. चौथ्यात सगळं ‘सेटअप डॉट सीएफजी’मध्ये लिहायला लावलेलं, पाचव्यात ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’मध्ये. एकाही लेखात ‘हे अमुक वर्षापर्यंतच खरं आहे’ असं वाक्य नाही. पंचवीस वर्षांचे थर एकावर एक चढलेत आणि नवख्याने ते स्वतः उकरायचे!

आणि ही तीच भाषा, जिच्यात ‘इम्पोर्ट धिस’ लिहिलं की तत्त्वज्ञान छापून येतं: कुठलंही काम करायचा एक, आणि शक्यतो एकच, उघड मार्ग असावा. पुढे मखलाशी अशी, की तुम्ही (पायथनच्या जनकासारखे) डच नसाल तर तो मार्ग सुरुवातीला दिसेलच असं नाही. आम्ही पडलो पुणेरी. अधिकृत मार्गदर्शिका उघडली तर बिल्ड बॅकएंडसाठी (कोडचं पॅकेज बांधून देणारं टूल) तिथेच टॅबच्या टॅब मांडून ठेवलेत: हॅचलिंग, सेटअपटूल्स, फ्लिट, पीडीएम. निवडा! कशावरून निवडू? मला बॅकएंड म्हणजे काय हेच आज कळलंय!

निवडला एक. बिल्ड केलं, हिरव्या अक्षरांत ‘सक्सेसफुली’ आलं. माझ्या मशीनवर फर्स्टक्लास चाललं. मित्राने पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या टूलने, इन्स्टॉल केलं, तेही झालं. पहिला आकडा टाकला आणि धाडकन ‘फाइलनॉटफाउंडएरर’. का? तर पॅकेजमध्ये जेसन फाइल गेलीच नव्हती. माझ्याकडे ती शेजारच्याच फोल्डरात बसलेली, म्हणून चालत होतं. आता नियम ऐका. सेटअपटूल्स पायथनच्या फाइली आपणहून उचलतं, पण डेटा फाइल हवी असेल तर ती ‘मॅनिफेस्ट डॉट इन’मध्ये सांगा, नाहीतर ‘पॅकेज डेटा’त सांगा. फ्लिटमध्ये मात्र पॅकेजच्या फोल्डरातलं सगळं जातं. हॅचलिंगमध्येही जातं, पण ‘गिटइग्नोर’मध्ये (कोडच्या नोंदीतून वगळायच्या फाइलींची यादी) असेल ते सोडून. प्रत्येक घरचा कुळाचार वेगळा. आणि शब्दांची यादी मागे राहिली तर माझ्या फंक्शनमध्ये उरतं काय, कपाळ? तरीही ‘तुझी एक फाइल मागे राहिली बरं का’ एवढं सांगायचं सौजन्य कुणात नाही. बिल्ड हिरवं ते हिरवंच.

याच्यावर कडी म्हणजे रीडमी, पॅकेजची ओळख करून देणारी फाइल. मराठी लोकांसाठीची लायब्ररी, म्हणून रीडमी मराठीत. ट्युटोरियलमधल्या सेटअप फाइलीत ती साध्या ‘ओपन’ने वाचलेली असते, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) न सांगता. माझ्या लिनक्सवर ठीक. मित्राच्या विंडोजवर पायथनने ती यूटीएफ-८ ऐवजी सीपी-१२५२ समजून वाचायला घेतली आणि लगेच ‘युनिकोडडिकोडएरर’, बाइट ८डी. हा ८डी कोण, माहितीये? आपलं पाय मोडायचं चिन्ह! यूटीएफ-८ मध्ये त्याचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागी काही नाहीच. म्हणजे कुठल्याही मराठी मजकुरात पहिलं साधं जोडाक्षर आलं की इन्स्टॉलेशन आडवं. ट्युटोरियल लिहिणाऱ्यांना हे जन्मात कळणार नाही, कारण त्यांच्या रीडमीत इंग्रजीपलीकडे काही नसतंच. ‘एन्कोडिंग सांगायचं असतं, हे बेसिक आहे’ असं शिकवायला मात्र हेच लोक पुढे.

पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, चढवायचं तर आणखी मजा. नाव देवनागरीत चालत नाही. रोमनमधलं बरं नाव कुणीतरी कधीच अडवून ठेवलेलं असतं आणि आत एक रिकामी फाइल. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असावं, असंही बंधन नाही. ‘पिलो’ बसवा आणि ‘पीआयएल’ इम्पोर्ट करा, ‘ब्यूटिफुलसूप४’ बसवा आणि ‘बीएस४’ इम्पोर्ट करा. २०२४ च्या १ जानेवारीपासून टू-फॅक्टर लॉगिन सक्तीचं झालं, ते योग्यच आहे, चोर कमी नाहीत. सरावासाठी टेस्ट पायपीआय आहे, पण त्याचं खातं वेगळं, टोकन वेगळं, आणि तुमचं पॅकेज ज्या लायब्रऱ्यांवर चालतं त्या तिथे असतीलच असं नाही. म्हणजे सरावच फसणार. आणि एकदा खऱ्या पायपीआयवर चढवलेली फाइल डिलीट केली तरी त्याच नावाने परत चढवता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने पटतं मला. पण रीडमीत एक काना राहिला तरी नवा व्हर्जन नंबर काढायचा? लोक ०.०.७ वर का असतात ते आता कळलं.

आता हमखास कुणीतरी म्हणणार, ‘अरे, यूव्ही वापर ना!’ हे पॅकेजं सांभाळायचं टूल २०२४ मध्ये आलं, रस्ट भाषेत लिहिलंय, विजेसारखं पळतं. पळू दे. पिप हळू चालतं अशी तक्रार केली कुणी होती? फ्लिट आलं तेव्हा ‘आता हेच’. पोएट्री आली तेव्हा ‘आता हेच’. मग पीडीएम, मग हॅच. प्रत्येक वेळी मला कुणीतरी हेच वाक्य ऐकवलंय, आणि त्यांतला एकही जण आज स्वतः ते टूल वापरत नाही.