गिलावा काढून मोजा

रविवारी पाटण तालुक्यातल्या एका गावात जुनं घर बघायला गेलो होतो. पडकं कौलारू घर स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची, रंग मारायचा आणि पुण्यातल्या कुणाला तरी विकायचं, ह्याला हल्ली फ्लिप म्हणतात, मेव्हण्यानं रील पाठवली होती, बाकी चूक माझीच. मालक मुंबईला, चावी शेजारच्या आबांकडे, मागणी नऊ लाख. मी शहाण्यासारखा वही, टॉर्च आणि नवंकोरं लेझरवालं मोजायचं यंत्र घेऊन गेलो आणि तिथंच फसलो, कारण यंत्र आबांच्या नजरेला पडलं.

"ह्यानं मापं निघत्यात?"

"हो ना, अगदी मिलिमीटरपर्यंत," मी म्हणालो. काय गरज होती?

"मग जरा आमची बोळ मोजा."

बोळ म्हणजे आबांचं घर आणि त्यांच्या चुलतभावाचं घर ह्यांच्यामधली फट. तिच्यातून म्हैस जात नाही आणि तिच्यावरून ही दोन घरं अठरा वर्षं बोलत नाहीत. मोजली. दोन फूट सात इंच.

"आज्यानं तीन फूट सोडलीती."

म्हटलं, आबा, यंत्राला आजा माहीत नाही.

"तुमी गिलावा धरून मोजताय. गिलावा त्यानं मागनं केलाय. गिलावा काढून मोजा."

मी हसलो. आबा आत गेले आणि खुरपं घेऊन आले! चुलतभावाच्या भिंतीला टोकरायला लागले, आणि मी त्याच जागी लाल ठिपका धरून उभा, चोराला बॅटरी दाखवणाऱ्यासारखा. पलीकडून काकू बाहेर आल्या, "कोण वो तुमी? घरपट्टी वाढवायला आलाय काय?" मागोमाग चुलतभाऊ. त्याचं म्हणणं, मोजताय तर फुडचं टोक पण मोजा, ह्यांची पायरी किती बाहेर आलीय ते निघूंद्या. मोजलं. दोन फूट चार. आता दोन्ही घरं माझ्यावर नाराज. म्हटलं सरकारी मोजणी आणा की, तर आबा म्हणाले, "तिथं पैसं पडत्यात." मग वहीचं पान फाडून पुढे केलं, "ल्हिवा आकडं. खाली सही करा." मी नाही म्हणालो. "मग मोजलं कशाला?" ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. चहा दोन्हीकडे मिळाला नाही.

घर बघायला उरली वीस मिनिटं. मागच्या भिंतीला पोट सुटलेलं, वाशांना वाळवी, आढं तेवढं सागाचं, शाबूत. दुरुस्ती सहा लाखांच्या आत होत नाही, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून साधारण पाच टक्के, आणि 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा सरळ उत्पन्नात धरून टॅक्स. म्हणजे साडेपंधरा लाख गेल्यावर मला पहिला रुपया सुटणार. बरं, विकायचं कुणाला? माथाडीत नाहीतर गिरणीत आयुष्य काढलेला मुंबईकर गावी स्लॅबचंच बांधतो, कौलं त्याला गरिबीची आठवण. पुणेकराला कौलं हवीत पण समोर नदी हवी, इथे समोर आबा. आणि हातात कागद काय तर पंचायतीचा नमुना 8, तो कर आकारणीचा, मालकीचा पुरावा नव्हेच, त्यामुळे बँका कर्जाला नाक मुरडतात, म्हणजे गिऱ्हाईक रोकडवालंच पाहिजे. स्वामित्व योजनेत ड्रोन फिरवून गावठाणातल्या घरांना प्रॉपर्टी कार्ड देतायत, ह्या घराचं आलंय का विचारलं तर आबा म्हणाले, "ड्रोन आलता. बोळीवरनं गेला. थांबला न्हाई."

गावात दर काय चाललाय तेही विचारलं. बराच वेळ आठवून म्हणाले, मागं एक घर गेलं, भावानंच घेतलं, विकणाऱ्याच्या पोरीच्या दवाखान्याच्या टायमाला. हा दर. रीलमध्ये म्हणतात आजूबाजूची तीन विकलेली घरं बघून सरासरी काढा. इथे एक विकलंय, ते पण अडल्या माणसाचं. भाऊबंद बाहेरच्याला घेऊ देत नाहीत आणि स्वतः घ्यायची घाई करत नाहीत, पावसाळे मोजत बसतात, भिंत पडली की जागेच्या भावात मिळतंच. हे कळायला मला पेट्रोल जाळून जावं लागलं, ह्याचा जास्त राग येतो.

काल संध्याकाळी आबांचा फोन. मला वाटलं मालकानं किंमत उतरवली.

"साहेब, सुक्रवारी पंचायतीत बैठक लावलीया. यंत्र घिऊन या. आन् सात इंच म्हनू नका, आठ म्हना, खुरपल्यालं धरून."