उरी म्हणजे आम्ही की आपण?

गेल्या रविवारी आमच्या भावकीच्या ग्रुपवर वाद पेटला. पुतणी पुण्यात शिकते. तिनं लिहिलं की ती आणि तिच्या चार मैत्रिणी दर शनिवारी एका कोरियन मालिकेचा एकच भाग बघतात आणि मग त्यावर बोलत बसतात. कोण का खोटं बोललं, तो प्रसंग तिथंच का आला, पुढं काय होईल. भाग चांगला असला तर दोन-दोन तास. त्यावर सांगलीच्या दादानं लिहिलं, "एकेका भागाचा कीस पाडणं हे रिकामटेकड्यांचं काम, त्यातही बायकी. मालिका बघायची आणि विसरायची. आणि बोलायचंच असेल तर आपल्या भाषेत काय कमी आहे?" पुतणी उसळली. "मराठी मालिकांवर काय बोलणार, काका? सासू आणि सून. कोरियात कला असते." मग दोघांनीही मला साक्षीला ओढलं, कारण बारा वर्षं कोरियातल्या सुवॉनमध्ये काढलेला घरात मी एकटाच.

मी तेव्हा काही लिहिलं नाही. पण आठवडाभर ते डोक्यातून गेलं नाही. बुधवारी रात्री खाली कचरा वेगळा करताना सुद्धा मी मनात दादाशीच भांडत होतो.

आधी 'बायकी' या शब्दाचं बघू. मी 2013 मध्ये इथं आलो. पुढच्या वर्षी 17 ऑक्टोबरला टीव्हीएन वाहिनीवर 'मिसेंग' ही मालिका सुरू झाली. दर शुक्रवारी-शनिवारी एक भाग, एकूण वीस. सोमवारी दुपारी कंपनीच्या जेवणघरात आमच्या टेबलावर आठ जण असायचे, आठही पुरुष. टीमजांग, म्हणजे आमचे टीमप्रमुख, पन्नाशीचे. ताटातला भात संपेपर्यंत त्यांचं दुसरं बोलणंच नसे. शुक्रवारी काय झालं, शनिवारी काय झालं, मालिकेतल्या ओ साहेबांनी तसं बोलायला हवं होतं का. मला त्यातली फक्त नावं कळायची. भाषेच्या वर्गात मी संध्याकाळी "हे सफरचंद आहे" शिकत होतो आणि सोमवारी मुक्यासारखा किमची, इथला आंबवलेला कोबी, चावत होतो. शेवटी मी रविवारी इंग्रजी अक्षरं लावून दोन्ही भाग दोनदा बघायला लागलो. करमणूक म्हणून नव्हे, सोमवारी त्या टेबलावर बसता यावं म्हणून.

मिसेंग हा बादुकमधला, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळातला शब्द आहे. ज्या सोंगट्या अजून जगल्या नाहीत आणि मेल्याही नाहीत, त्या मिसेंग. जांग गु-रे नावाचा पोरगा लहानपणापासून बादुक खेळतो, व्यावसायिक खेळाडू होऊ शकत नाही, आणि ओळखीनं एका व्यापारी कंपनीत चिकटतो. पदवी नाही, इंग्रजी नाही. सुरुवातीच्याच एका भागात डिंकानं चिकटलेला एक गोपनीय कागद लॉबीत सापडतो. चूक शेजारच्या विभागातल्या पोराची, बोलणी खातो हा. रात्री त्याचे ओ साहेब दारू पिऊन रस्त्यात त्या दुसऱ्या विभागाच्या साहेबाला गाठतात आणि म्हणतात, तुमच्या पोरामुळं आमच्या पोराला ऐकून घ्यावं लागलं. आमचं पोर. उरी ए. 'उरी' म्हणजे आमचं, 'ए' म्हणजे पोर. जांग गु-रे ते ऐकतो आणि त्याचा चेहरा बदलतो.

त्या सोमवारी मी कोरियनमध्ये पहिलं स्वतःचं वाक्य बोललो: "चूक त्याची नव्हती." टेबल क्षणभर गप्प झालं. मग टीमजांगनी माझ्या ताटात त्यांच्या ताटातली अंड्याची वळकटी ठेवली आणि विचारलं, मग कुणाची? त्या दिवसापर्यंत मला एकच प्रश्न विचारला जायचा, "भारतात कसं असतं?" त्या दिवशी पहिल्यांदा भारताबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दादा, हे बायकी काम असेल तर असू दे. मला ते जमलं नसतं तर मी पहिल्या दोन वर्षांत परत आलो असतो.

रिकामटेकडेपणाचंही ऐक. 'मिसेंग' 20 डिसेंबर 2014 ला संपली. जांग गु-रेचा करार दोन वर्षांचा होता. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारनं कंत्राटी कामगारांसाठी नवं धोरण मांडलं, त्यात पस्तिशीपुढच्यांचा करार दोनाऐवजी चार वर्षांचा करायची तरतूद होती. लोकांनी त्याला 'जांग गु-रेचा कायदा' असंच नाव ठेवलं, आणि कामगार संघटना म्हणाल्या, यानं आणखी जांग गु-रे तयार होतील. मालिकेतल्या एका पोराच्या नावानं देश नोकरीवर भांडत होता. ज्यांनी आठवड्यामागून आठवडे त्या पोराचा कीस पाडला होता, त्यांना सरकारचा कागद वाचताना नेमकं काय विचारायचं ते माहीत होतं. 2022 मध्ये 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' या मालिकेच्या सातव्या-आठव्या भागात एका गावातलं जुनं झाड रस्त्यासाठी तोडायचा खटला होता. पहिल्या भागाला एक टक्काही प्रेक्षक नसलेली ती मालिका तोवर घराघरात पोचली होती. झाड खरं होतं, चांगवॉनजवळच्या एका खेड्यातलं, सुमारे पाचशे वर्षांचं. लोक ते बघायला गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर झालं. सांगलीत रस्ता रुंद करताना वडाची किती झाडं गेली, दादा? त्यांच्यावर आपण किती भाग बोललो?

आता पुतणीला. बाळा, तू चुकतेस, आणि तुझी चूक मला दादाच्या चुकीपेक्षा जास्त लागली, कारण ती चूक करत मीच काही वर्षं इथं काढली आहेत. तू कोरियातलं निवडक घेतेस आणि आपल्याकडचं रोजचं. इथंही रोजच्या मालिका आहेत, संध्याकाळच्या, शंभर-सव्वाशे भागांच्या. त्यांना एक शब्द आहे, मकजांग. मूळ अर्थ कोळशाच्या खाणीचं शेवटचं टोक, ज्याच्या पुढं खणायला काही उरत नाही. 2008 मध्ये एसबीएसवर सुरू झालेल्या 'आनेए युहोक'मध्ये बायको मेली असं समजतात, ती डोळ्याखाली एक तीळ रंगवून परत येते आणि नवरा तिला ओळखत नाही. एका तिळावर! अख्खा देश ते रोज बघत होता. 2014 मध्ये एमबीसीच्या एका रोजच्या मालिकेत माणसाच्या तोंडावर किमचीचा अख्खा गड्डा मारला गेला. तुलना करायचीच तर त्या तिळाची आणि आपल्या मालिकांची कर. मग बोल.

पण एक मी सोडणार नाही. इथली चांगली मालिका बारा, सोळा किंवा वीस भागांत संपते. आपल्याकडे शेवट करायची हिंमत नाही. गाडी बरी चालली की रूळ वाढवत न्यायचे, एका कानफटाला तीन दिवस. ज्याला शेवट नाही त्याच्या एकेका भागावर बोलणार तरी काय? इथं पुढच्या भागासाठी टाकलेल्या खुणेला 'त्तोकबाप' म्हणतात, मासे धरायचं आमिष. नायक गप्प बसून सहन करत राहिला की लोक म्हणतात 'गोगुमा', रताळं, पाण्याविना घशात अडकलेलं. तो शेवटी बोलला की 'साइडा', लिंबाच्या सोड्यासारखं मोकळं. आणि पुनःप्रसारणाची वाट न बघता ठरल्या वेळी टीव्हीपुढं हजर राहणं म्हणजे 'बोनबांग सासू'. सासू म्हणजे प्राणपणानं राखणं. आईला हा शब्द सांगितला तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

आईवरून आठवलं. 1999 ला अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या नळावर बायकांचं तेच चालायचं. सुधा जोशीनं नवऱ्याला कसं वागवावं, कुणी किती सोसावं. कळशी भरून वाहायला लागायची तरी बोलणं संपायचं नाही. दादा, त्या नळावर माझी आई होती, तुझी पण होती. काका हयात असताना काकूनं स्वतःच्या घराबद्दल जे कधी उघड बोलून दाखवलं नाही, ते ती सुधा जोशीचं नाव घेऊन बोलायची. आपण दोघं तेव्हा बारावीत. आपण त्यांना हसायचो. मला आज त्याची लाज वाटते, आणि तू अजून हसतोस.

'रिप्लाय 1988'चा पहिला भाग मी एकट्यानं बघितला, 2015 च्या नोव्हेंबरात. सेऊलमधलं सांगमुन-दोंग, एक गल्ली, पाच घरं. संध्याकाळी प्रत्येक आई पोराच्या हातात एक भांडं देते, शेजारी दे म्हणून. पोरं गल्लीत एकमेकांना ओलांडत पळतात. भांडं रिकामं परत येत नाही, त्यात त्या घरचं काहीतरी येतं. एक पोरगा वैतागून म्हणतो, एवढं करण्यापेक्षा सगळे एकत्रच का जेवत नाही? आपल्याकडची वाटी. वाटी रिकामी परत करू नये, निदान साखर घालावी, हे आईनं मला कानाला धरून शिकवलं. मी त्या रात्री जेवलो नाही.

सोमवारी टेबलावर मात्र वाद वेगळाच होता, मालिकेतल्या दोक-सनचा नवरा कोण. टीमजांग जोंग-ह्वानच्या बाजूचे, आमच्या हाताखालची पोरं तेकच्या. दोन महिने कॉफीच्या पैजा लागत होत्या. सिग्नलला अडकून जोंग-ह्वान उशिरा पोचतो आणि तेक तिथं आधीच उभा असतो, त्या भागानंतरच्या सोमवारी टीमजांगनी जेवण अर्धं टाकलं. नंतर पायऱ्यांवर मला म्हणाले, सिग्नलचा दोष नव्हता, मी पण उशीर केला होता. त्यापुढं काही बोलले नाहीत. आम्ही आजही त्यावर बोललेलो नाही.

त्या गल्लीबद्दल मी पुतणीला एकदा सांगितलं होतं, "आमच्याकडं अजून असंच आहे." ते खोटं होतं. ती गल्ली चित्रीकरणासाठी उभी केलेली. मी चौदाव्या मजल्यावर राहतो आणि समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव मला माहीत नाही. तेव्हा मी खोटं का बोललो ते मला आज कळतं. 'आमच्याकडं' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं सांगमुन-दोंग नव्हतं, वाळव्याची गल्ली होती. तिथं आता सहा मजली इमारत आहे.

कोरियन माणूस 'माझं' कमी म्हणतो. उरी घर, उरी आई, उरी कंपनी. मला हे शिकावं लागलं नाही, आपणही 'आमचे बाबा' म्हणतो. पण मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं, 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की चपला घालायच्या. उरीमध्ये तो फरक नाही. बारा वर्षं मी त्या टेबलावर 'उरी' ऐकतो आहे आणि दर वेळी मनात त्याचं मराठी करतो. मालिकेची गोष्ट निघाली की ते आपण असतं. पगाराची, पोरांच्या शाळेची, चुसोकला, इथल्या सुगीच्या सणाला, गावी जायची गोष्ट निघाली की आम्ही होतं. कुणी मुद्दाम करत नाही. आणि घरच्या ग्रुपवर दादा लिहितो, "तुमच्या त्या कोरियाच्या मालिका."

बाबा साखर कारखान्यात हंगामी होते. बॉयलर पेटला की काम, गळीत संपलं की घरी. सव्वीस हंगाम. कायम झाले नाहीत. म्हणून या वर्षी मी आईला 'मिसेंग' सांगायला घेतली. तिला पडद्यावरची अक्षरं वाचवत नाहीत. दर रविवारी फोनवर एक भाग मी सांगतो, तिच्या मालिकेचा आठवडा ती सांगते. पूर्वी ती "जेवलास का" विचारून फोन ठेवायची. आता विचारते, "त्या ओ साहेबाच्या डोळ्यांचं काय झालं, लाल असायचे ना?"

गेल्या रविवारी, ग्रुपवर वाद चालू असतानाच, विसावा भाग होता.

"केलं का पोराला कायम?"

"नाही केलं."

ती काही बोलली नाही. मागं कुकरची शिट्टी झाली.

"मग?"

"ओ साहेब बाहेर पडले होते, त्यांनी छोटी कंपनी काढली. त्यांनी याला बोलावून घेतलं."

"साहेब चांगला म्हणायचा." मग थोडं थांबून, "आणि तुझा तो कागद? कायमचं राहायचा?"

एफ-5 चा अर्ज दोन वर्षं भरून ड्रॉवरमध्ये आहे. फक्त सही राहिली आहे.

"बघू," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी नवीन लावू का एखादी?"

"लाव," ती म्हणाली. "मोठी लाव."