इनबोर्ड इंजिन घेतात ते वेगासाठी नव्हे

‘इनबोर्ड बोट जास्त पळते, म्हणून वॉटर स्पोर्ट्सवाले तीच घेतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. (इनबोर्ड म्हणजे इंजिन बोटीच्या आत; आउटबोर्ड म्हणजे ते मागे बाहेर टांगलेलं.) वेगाचा इथे फारसा संबंध नाही. वेकसर्फिंग (बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहून सर्फिंग) तर ताशी १६-१८ किलोमीटरनेच चालतं. अमेरिकेतल्या तळ्यांवर हौशी मंडळी इनबोर्डला जादा पैसे मोजतात ते मुख्यतः बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जागेसाठी. तो बोटीच्या पोटाखाली, सुकाणूच्या पुढे असतो. सर्फर सुरुवातीला ओढणारा दोर सोडून देतो आणि बोटीच्या मागे जेमतेम २-३ मीटरवर लाटेवर उभा राहतो. तिथे आउटबोर्डचा उघडा पंखा म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय दोराला मागे इंजिन आडवं येत नाही. (धूर मात्र इनबोर्डचाही विषारीच, तिथे गाफील राहू नका.) मालवणात बनाना राइड ओढायला आउटबोर्ड चालतं, कारण माणसं लांब दोरावर असतात.