कॅमेऱ्याआधी गडगा बघा

नव्या गृहप्रकल्पांना परवानगी देतानाच चोरीला आळा घालणाऱ्या अटी घाला, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं. ब्रिटनमध्ये पोलिसांची ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ योजना १९८९ पासून आहे. दारं-खिडक्या, दिवे, वाटा सगळं आराखड्यातच बघतात. आमच्या कोकणात दापोली-गुहागरकडे बंगले उठतायत ते पुरुषभर उंच चिरेबंदी भिंतीआड. मालक मुंबई-पुण्याला, पावसाळाभर कुलूप. आत कोण शिरलं ते शेजाऱ्याला दिसणार कसं? जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, कमरेएवढा; पडवीचं तोंड पाखाडीकडे, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेकडे, त्यामुळे येणारा-जाणारा नजरेत यायचाच. (पडवीत बसणारेच कमी झाले, ते वेगळं.) रस्त्याकडची भिंत वरच्या अर्ध्यात जाळीची हवी, एवढी अट तरी घाला. सीसीटीव्हीचं कौतुक पुरे. २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा कॅमेरे कशावर चालणार होते?