प्रथिनांनीही इन्सुलिन वाढतं

‘सरावानंतर नुसतं प्रोटीन घ्या, त्याने इन्सुलिन वाढत नाही’ हे खेळाडूंच्या आहारावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. व्हे प्रोटीनने (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) इन्सुलिन चांगलंच वाढतं. पण सोबत ग्लुकागॉन हे दुसरं हार्मोनही वाढतं, ते यकृताला साखर सोडायला लावतं, म्हणून रक्तातली साखर फारशी खाली येत नाही. ग्लुकोमीटरवरचा आकडा हलला नाही म्हणजे हार्मोन जागचं हललं नाही, असं थोडंच असतं? आणि पळणाऱ्याने इन्सुलिनला एवढं घाबरायचं कशाला! सरावानंतर स्नायू साखर ओढून घ्यायला टपलेलेच असतात. रिकामं झालेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, भरायला कर्बोदकं लागतात. दोन्ही वेळा सराव असेल तर पहिले काही तास वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ ग्रॅम.

आमच्या साताऱ्याच्या मैदानावर असलं काही वाचून पोरं भात-भाकरी सोडतात. आठशे मीटर पळणारी एक मुलगी प्रोटीन शेक आणि उकडलेल्या अंड्यांवरच होती. सरावात तेच अंतर पुन्हा पुन्हा पळताना तिसऱ्या फेरीलाच पाय जड, रात्री झोप नाही, पुढे पाळी लांबली. आधी डॉक्टरांकडे पाठवलं, मग त्यांच्या सल्ल्याने बूट सोडता सोडताच दोन केळी, ग्लासभर दूध आणि घरी गेल्यावर वरण-भात सुरू केला. कर्बोदकं तुटपुंजी असली की लांबच्या सरावात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन जास्त चढतं आणि एकूण खाणंच अपुरं पडलं तर पाळीची हार्मोन्सही मंदावतात. खेळाडू मुलीही हा लेख वाचणार, त्यांच्यासाठी याबद्दल एक ओळ तरी हवी होती.