'निम्मी अमेरिका करच भरत नाही': काकांच्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत निवडणुकीचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास उगवतो. यंदा तो पुण्याच्या काकांनी टाकला. त्यांना तो टेक्सासमधल्या कुणीतरी पाठवलेला. शब्द दरवेळी थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच:

"अमेरिकेतली निम्मी जनता एक डॉलरही कर भरत नाही. वरचे एक टक्का श्रीमंत एकटे चाळीस टक्के कर भरतात. या निम्म्या फुकट्यांची मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात, कारण तो पक्ष श्रीमंतांच्या पैशातून त्यांना वाटत असतो. मग विषमतेची ओरड कशाला?"

खाली काकांची पुस्ती: "तिकडेही रेवड्याच!"

मी चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दर एप्रिलला नेमाने रिटर्न भरते. ग्रुपवर वाद घातला की आईचा फोन येतो, म्हणून उत्तर इथे लिहिते आहे. वाक्यागणिक घेऊ. त्यातलं एक वाक्य खरं आहे, हे आधीच सांगून टाकते.

"निम्मी जनता एक डॉलरही कर भरत नाही"

या वाक्यातून एक शब्द गळलाय आणि सगळी करामत त्या गळलेल्या शब्दात आहे. मूळ आकडा 'फेडरल इन्कम टॅक्स', म्हणजे केंद्र सरकारचा आयकर, न भरणाऱ्या कुटुंबांचा. वॉशिंग्टनमधलं टॅक्स पॉलिसी सेंटर तो काढतं. २०११ साली तो ४६ टक्के होता. कोविडमध्ये सरकारी धनादेश आणि वाढीव सवलतींमुळे साठच्या आसपास गेला, आणि २०२२ मध्ये चाळीसवर आला. म्हणजे 'निम्मी' हासुद्धा जुनाच शिक्का.

पण केंद्राच्या तिजोरीत इन्कम टॅक्समधून येतो तो साधारण निम्माच पैसा. २०२४ च्या आर्थिक वर्षात जमा झालेल्या सुमारे ४.९ लाख कोटी डॉलरपैकी २.४ लाख कोटी इन्कम टॅक्सचे होते, आणि १.७ लाख कोटी पेरोल टॅक्सचे. पेरोल टॅक्स म्हणजे पे-स्टबवरच्या, म्हणजे पगाराच्या पावतीवरच्या, दोन ओळी: सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) १.४५ टक्के. पगाराच्या पहिल्या डॉलरपासून कापतात, वजावट वगैरे काही नाही. मालकालाही तेवढेच भरावे लागतात, आणि बहुतेक अर्थतज्ज्ञांच्या मते तो भारही शेवटी कामगाराच्याच पगारातून वसूल होतो.

खाली सूट नाही, वर मात्र मर्यादा आहे. २०२४ मध्ये १,६८,६०० डॉलरच्या पुढच्या पगारावर सोशल सिक्युरिटीची कपात नव्हती. वर्षाला दहा लाख डॉलर पगार घेणाऱ्याची ही कपात मार्च उजाडता उजाडता संपते. सुपरमार्केटातल्या कॅशियरची ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहते.

त्या कॅशियरचाच हिशेब मांडू. वर्षाचा पगार ३०,००० डॉलर, एकटी, मूलबाळ नाही. २०२४ च्या नियमांनी तिचा पेरोल टॅक्स २,२९५ डॉलर आणि इन्कम टॅक्स १,६१६ डॉलर. ती फॉरवर्डमधल्या 'निम्म्यां'त मोडतच नाही! आता तिला एक मूल आहे असं धरा. मग इन्कम टॅक्स शून्यावर येतो, वर दोन सवलतींचे (एक कमी पगाराची, एक मुलापोटीची) मिळून सुमारे ४,२०० डॉलर तिला परत मिळतात. काका म्हणतील, बघ, मिळाले ना फुकट? मिळाले. पण तिचा आणि तिच्या नावावर मालकाने भरलेला पेरोल टॅक्स एकत्र केला तर ४,५९० होतात. एवढं करूनही तिच्याकडून सरकारला तीन-चारशे डॉलर जास्तच गेले. काही कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळतं, हे मी नाकारत नाही. पण 'एक डॉलरही नाही' हे त्यांच्यातल्या बहुतेकांबद्दल धादांत खोटं आहे.

यात राज्यांचे कर धरलेलेच नाहीत. मिसिसिपीत कालपरवापर्यंत, म्हणजे २०२५ च्या मध्यापर्यंत, किराण्यावर ७ टक्के विक्रीकर होता. आता ५ आहे. तो दूध-अंडी घेणाऱ्या प्रत्येकाकडून घेतात, रिटर्न भरो न भरो.

आणि एक घरची गंमत. मी इथे विद्यार्थी म्हणून आले, शिक्षण संपल्यावर त्याच व्हिसावर नोकरीला लागले, तेव्हा माझ्या पे-स्टबवर त्या दोन ओळी कोऱ्या होत्या. एफ-१ व्हिसावरच्यांना पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात लागत नाही. पेरोल टॅक्स न भरता नोकरी करणारे शोधायचेच असतील तर आपली मराठी मुलंमुली आधी सापडतील. फॉरवर्ड पाठवणाऱ्या टेक्सासकरांनी स्वतःची जुनी कागदपत्रं काढून बघावीत.

"फुकटे"

हे आहेत तरी कोण? २०११ ची शंभर कुटुंबं घ्या. त्यातली ४६ इन्कम टॅक्स न भरणारी. त्यांपैकी २८ घरांत कुणी ना कुणी कामावर जात होतं आणि पेरोल टॅक्स भरत होतं. दहा घरं म्हाताऱ्यांची, ज्यांनी उभा जन्म तो भरलेला. सातांचं वर्षाचं उत्पन्न २०,००० डॉलरच्या आत. उरलं एखादं.

त्या एखाद्यात कोण असू शकतं, तेही गमतीचं आहे. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये कर खात्याच्या कागदांवरून दाखवलं की जेफ बेझोस यांनी २००७ आणि २०११ मध्ये एक डॉलरही फेडरल इन्कम टॅक्स भरला नव्हता. २०११ मध्ये तर त्यांनी मुलांपोटीची ४,००० डॉलरची सवलतही घेतली. सगळं कायद्यात बसणारं. शेअर वाढले तरी विकल्याशिवाय उत्पन्न धरत नाहीत, आणि मालक वारल्यावर वारसाच्या हातात तोवरची वाढ करापुरती पुसूनच जाते. कॅशियरला ही सोय नाही, तिचं उत्पन्न दर पंधरवड्याला धरलं जातं.

आता खरा प्रश्न, की या न भरणाऱ्या कुटुंबांना इन्कम टॅक्समधून बाहेर काढलं कुणी? फॉरवर्डप्रमाणे डेमोक्रॅट्सनी. कागदावर मात्र सह्या बघा. कमी पगाराच्या कामकऱ्यांना मिळणारं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट १९७५ साली आलं. त्यामागे लुइझियानाचे डेमोक्रॅट सिनेटर रसेल लाँग होते, सही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची. १९८६ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते वाढवलं आणि लाखो गरीब कुटुंबांना इन्कम टॅक्समधून मुक्त केलं, अभिमानाने. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी आणखी वाढवलं. मुलांपोटीची सवलत १९९७ मध्ये आली, तीही गिंग्रिच यांच्या रिपब्लिकन काँग्रेसच्या जाहीरनाम्यातून. धाकट्या बुश यांनी ती ५०० वरून १,००० डॉलरवर नेली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये २,०००. त्याच कायद्याने सर्वांची प्रमाणित वजावटही जवळजवळ दुप्पट केली.

कारणही सरळ होतं. रिपब्लिकनांना थेट मदतवाटप नको होतं, तेव्हा काम करणाऱ्याला करातून सूट देणं हा त्यांचा आवडता मार्ग. आपणच दार उघडायचं आणि बाहेर पडणाऱ्याला फुकटा म्हणायचं, असा हा प्रकार.

"एक टक्का श्रीमंत चाळीस टक्के कर भरतात"

हे ते खरं वाक्य. २०२२ मध्ये वरच्या एक टक्क्याने इन्कम टॅक्सपैकी ४०.४ टक्के भरला. फक्त इथेही 'इन्कम' शब्द परत जागेवर ठेवायचा, आणि शेजारी दुसरा आकडा मांडायचा: त्याच वर्षी देशाच्या उत्पन्नातला २२.४ टक्के वाटाही त्यांच्याच घरी गेला. खालच्या अर्ध्या अमेरिकेच्या वाट्याला ११.५.

आता १९८० शी ताडून बघा. तेव्हा वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा साडेआठ टक्क्यांच्या आसपास होता आणि करातला १९. करातला वाटा दुपटीने वाढला म्हणजे त्यांच्यावर बोजा वाढला, असं फॉरवर्ड सुचवतं. प्रत्यक्षात त्यांचा सरासरी दर १९८० मध्ये ३४ टक्क्यांच्या वर होता, २०२२ मध्ये तो २६ वर आलेला. दर उतरला तरी करातला वाटा वाढला, कारण उत्पन्नातला वाटा त्याहून जोरात फुगला. काका, तुम्ही विषमता नाही म्हणून जो आकडा पाठवलात, तो विषमतेचाच पुरावा आहे. संपत्तीचं तर विचारूच नका. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, हिशेबात वरच्या एक टक्क्याकडे देशाची सुमारे तीस टक्के संपत्ती आहे, खालच्या अर्ध्याकडे अडीच टक्क्यांच्या आसपास.

"मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात"

या वाक्याचा जन्म नोंदलेला आहे. मे २०१२, फ्लोरिडातलं बोका रॅटन, डोई ५०,००० डॉलरचं निधी-भोजन. रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी बोलत होते आणि बारमागचा माणूस चित्रीकरण करत होता. ४७ टक्के लोक काही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, इन्कम टॅक्स भरत नाहीत, त्यांची चिंता करणं माझं काम नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. सप्टेंबरमध्ये चित्रफीत बाहेर आली. रॉम्नी यांनी स्वतः २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख डॉलर उत्पन्नावर १४.१ टक्के कर भरला होता. तोही दानाची पूर्ण वजावट न घेता, कारण 'मी कधीच तेरा टक्क्यांहून कमी भरला नाही' असं आधी बोलून बसले होते. आपल्या मूल नसलेल्या कॅशियरचे दोन्ही कर मिळून होतात तेरा टक्के. नोव्हेंबरमध्ये मतमोजणी झाली आणि रॉम्नींना किती मतं मिळाली? ४७ टक्के.

तेव्हाही हिशेब चुकीचाच होता. न भरणाऱ्यांत म्हातारे मोठ्या संख्येने, आणि ६५ च्या वरच्यांत रॉम्नीच १२ टक्क्यांनी पुढे होते. न भरणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा ही नावं येतात, सगळी रिपब्लिकन. (राज्य रिपब्लिकन म्हणून तिथला गरीब रिपब्लिकन, असं मात्र म्हणता येत नाही. तो घोटाळा आपण करू नये.)

गरीब मतदार तेव्हा डेमोक्रॅट्सकडे झुकलेला होता, हे खरं. २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये ५०,००० च्या आतल्या उत्पन्नगटात ओबामा साठ टक्क्यांवर होते. पण २०२४ चा एक्झिट पोल काढा. त्याच गटात ट्रम्प थोडे पुढे, आणि एक लाखाच्या वरच्या गटात डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस. पारडं उलटलंय, फॉरवर्ड मात्र २०१२ मध्येच राहिलाय.

"श्रीमंतांच्या पैशातून वाटत असतो"

मार्च २०२१ मध्ये डेमोक्रॅट्सनी खरंच वाटलं. मुलांपोटीची सवलत ३,६०० डॉलरपर्यंत नेली, आणि तिचा निम्मा भाग जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात जमा केला. एकाही रिपब्लिकनाने त्या कायद्याला मत दिलं नाही. जनगणना खात्याच्या पूरक मापानुसार मुलांमधली गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, ती २०२१ मध्ये ५.२ वर आली. मग योजना संपली. ती वाढवायला अडला तो डेमोक्रॅटच, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन. २०२२ मध्ये मुलांची गरिबी १२.४ टक्के. दोन पक्षांत फरक नाही असं मी म्हणत नाही, या आकड्यांत तो दिसतोच. पण वाटून मतं विकत मिळतात म्हणावं, तर पुढच्याच राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत गरीब मतदार दुसरीकडे गेला.

आणि श्रीमंतांना सांभाळण्यात दोघंही कमी नाहीत. खासगी गुंतवणूक फंडांच्या व्यवस्थापकांना मिळणारी कराची खास सूट ट्रम्प यांनी २०१६ मध्ये बंद करतो म्हटलं, २०१७ च्या कायद्यात तिची अट थोडी कडक केली, ती बंद केली नाही. २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सनी हात घातला, तर त्यांच्याच सिनेटर कर्स्टन सिनेमा आडव्या आल्या.

राहिल्या रेवड्या. जून २०२४ मध्ये लास व्हेगासमध्ये ट्रम्प म्हणाले, टिपवर कर नको. ऑगस्टमध्ये त्याच लास व्हेगासमध्ये हॅरिस म्हणाल्या, टिपवर कर नको. २०२५ मध्ये तसा कायदा झाला आणि वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपची वजावट मिळाली. पण वजावट इन्कम टॅक्समधून. टिपवर जगणाऱ्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांची कमाई इतकी तुटपुंजी की त्यांना इन्कम टॅक्स मुळात लागतच नव्हता, म्हणजे काकांच्या भाषेत ते फुकटे. त्यांना या कायद्याने काहीच मिळालं नाही. त्यांच्या टिपमधून कापले जात होते ते ७.६५ टक्के पेरोल टॅक्सचे, आणि ते अजून कापले जातात.