‘सपोर्टिव्ह’ म्हणजे नेमका कशाला सपोर्ट?

हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या एका आईनं परवा मोबाइल पुढे केला. “मॅडम, हे बघा ना. सोनं मोडायचं का?”

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज होता. सेरेब्रल पाल्सीत (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा अडथळा) स्टेम सेल (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) देणं ही मान्यताप्राप्त सपोर्टिव्ह ट्रीटमेंट आहे, पेशी मुलाच्याच म्हणून धोका शून्य, दहातल्या नऊ मुलांत फरक, आणि मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत केलं नाही तर संधी गेली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं पोट व्यायामावर चालतं, हे आधीच सांगून टाकते.

‘मान्यताप्राप्त’ साफ खोटं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच (रुग्णांवरच्या चाचणीतच) देता येतात. तिथे पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. पॅकेजचा आकडा सांगितला, की ही ट्रायल नव्हे असं समजायचं. मागे ‘सपोर्टिव्ह’ चिकटवल्यानं नियम बदलत नाही.

‘धोका शून्य’? पेशी मुलाच्या असतील, पण भूल आणि सुई? कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्यातल्या पेशी मणक्यातून सोडतात. ताप, उलट्या, डोकेदुखी होते, झटके आल्याच्याही नोंदी आहेत. आणि आपल्यातल्या कितीतरी मुलांना आधीच फिट्सची औषधं चालू असतात.

‘दहातल्या नऊ’ मात्र सगळ्यांना खरं वाटतं, कारण व्हिडिओ असतो. आधी मूल लुळं, नंतर उभं. पण अशा पॅकेजमध्ये पेशींसोबत फिजिओ, ओटी (रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच असं सगळं सकाळ-संध्याकाळ असतं. मग फरक कशानं पडला? शिवाय सीपीत मेंदूची इजा वाढत नाही, मूल मात्र वाढतं. पहिल्या पाच वर्षांत बहुतेक मुलांची हालचाल तशीही सुधारत असते. म्हणजे मेसेजवाले नेमकं तेच वय मागतात, ज्यात कुठलाही व्हिडिओ छान दिसेल! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची 63 मुलांवरची ट्रायल 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना स्वतःच्या नाळेतलं रक्त शिरेतून दिलं, काहींना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ द्रव. वर्षभरानं दोन्ही गट पुढे गेले होते, सरासरीत म्हणावा असा फरक नव्हता. जास्त पेशी मिळालेली मुलं थोडी अधिक सुधारली, म्हणून संशोधन चालू आहे आणि चालू राहायलाच हवं. पण ते नाळेतलं रक्त होतं, कमरेची मज्जा नव्हे.

‘संधी गेली’ यात अर्धं खरं आहे. लवकर सुरुवात हवीच, पण व्यायामाची, स्प्लिंटची (हात-पाय सरळ ठेवणाऱ्या आधारपट्टीची) आणि खुब्याच्या एक्स-रेची. खुबा न दुखता हळूहळू सरकतो. त्याचा मेसेजमध्ये शब्द नाही.

मी त्या ताईंना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं सांगितलं. सीपीच्या मुलाला वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. त्यांनी नावही ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात लेक स्टुलाला धरून उभा राहिला. टाच टेकली का, ते बघायला त्या खाली वाकल्या. सोन्याचं पुन्हा काढलं नाही. पण मेसेजही डिलीट केलेला मी पाहिला नाही.